खिशात सापडलेली चिठ्ठी आणि कोर्टातली केस

प्रश्न : वकीलताई, माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. पोलिस भरतीची तयारी करतोय, मैदानी चांगली निघते. दोनेक महिन्यांपूर्वी मित्राच्या लग्नाहून रात्री मोटारसायकलवर परत येताना जिंतूर-परभणी रस्त्यावर पोलिसांनी अडवलं आणि मशीनमध्ये फुंकायला लावलं. घरी त्यानं यातलं काहीच सांगितलं नाही. कपडे धुताना पँटच्या खिशात छोटी चिठ्ठी सापडली, तिच्यावर ६८ असा आकडा होता. लायसन्सही घरात दिसत नाही. विचारलं तर म्हणतो, "काही नाही होत, दंडाचं काम आहे, मिटवून टाकू." आता ओळखीतला एक जण पंधरा हजार मागतोय. म्हणे कोर्टात काही जाऊच देत नाही. खरंच केस झाली आहे का, हे कुठं बघायचं? शिक्षा किती असते? भरतीला अडचण येईल का? वडील नाहीत, आईला अजून काही माहीत नाही.
– एक बहीण, परभणी जिल्हा

उत्तर : ताई, त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. बाकीचं सगळं नंतर, हे आधी.

तुमच्या भावाच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे, आणि ती सगळ्याच पोरांच्या डोक्यात असते. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, ट्रिपल सीट सापडला, तर मोबाइलवर ई-चलन येतं. ते तडजोड शुल्क असतं. भरलं की विषय संपतो, कोर्टाचं तोंड बघावं लागत नाही. दारू पिऊन गाडी चालवणं त्यात बसत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० मध्ये तडजोडीच्या कलमांची यादी आहे, तिच्यात दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम १८५ नाही. म्हणजे रस्त्यावरच्या पोलिसालाही ते पैसे घेऊन मिटवायचा अधिकार नाही आणि आरटीओलाही नाही. लोकअदालतीतही ते मिटत नाही, कारण तडजोड न होणारे गुन्हे लोकअदालतीच्या कक्षेबाहेर असतात. ते न्यायदंडाधिकाऱ्यासमोरच जातं.

मग हा गृहस्थ पंधरा हजार कशाचे मागतोय? माझा अंदाज सांगते. १८५ चा पहिल्या वेळचा दंड १० हजार आहे. तो भावाला एक दिवस कोर्टात नेणार, गुन्हा कबूल करायला लावणार, दहा हजार सरकारजमा करणार, पाच खिशात घालणार आणि गावभर सांगणार की मी मिटवलं. किंवा काहीच न करता पंधराचे पंधरा घेऊन बसणार. साहेबांना द्यायचेत असं तो म्हणत असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर त्यासाठीच आहे. आणि हेही लक्षात असू द्या की लाच घेणं जसा गुन्हा आहे, तसं देणंही आहे.

आता केस कुठं बघायची ते. पहिल्यांदा ती चिठ्ठी जपून ठेवा. त्या मशीनचा कागद बसच्या तिकिटासारखा असतो, छपाई उडून जाते. आजच तिचा फोटो काढा, झेरॉक्स करा. तिच्यावर तारीख, वेळ आणि आकडा असेल. आकडा म्हणजे १०० मिलिलिटर रक्तामागे किती मिलिग्रॅम अल्कोहोल. कायद्याची मर्यादा ३० आहे. ६८ म्हणजे दुपटीच्या वर, तेव्हा "एकच बिअर घेतली होती, मशीन चुकलं" हे घरात सांगायला ठीक आहे. लायसन्स घरात नाही, याचा अर्थ ते पोलिसांनी जप्त केलं असणार. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८५ च्या प्रकरणात लायसन्स काढून घेऊन आरटीओकडे पाठवणं हे त्यांचं कामच आहे. त्याची पोचपावती देतात. भावाला ती मागा. तिच्यावर पोलिस ठाण्याचं नाव सापडेल, आणि सगळा शोध त्या नावापासून सुरू होतो.

कारण रस्ता एकच असला तरी हद्द वेगळी असते. जिंतूरहून परभणीकडे येताना बोरीजवळ अडवलं असेल, तर तो जिंतूर तालुका आणि केस जिंतूरच्या कोर्टात. झरीजवळ अडवलं असेल, तर परभणी तालुका आणि केस परभणीच्या कोर्टात. तुमचं घर कुठं आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. लोक आपल्या गावच्या कोर्टाच्या यादीत नाव शोधतात, सापडत नाही, आणि केसच नाही असं समजून निवांत होतात.

कोर्टाची नोंद मोबाइलवर फुकट बघता येते. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, संकेतस्थळही आहे. त्यासाठी वकील लागत नाही आणि कुणाची ओळखही लागत नाही. राज्य महाराष्ट्र, जिल्हा परभणी, मग कोर्ट कॉम्प्लेक्समध्ये जिंतूर किंवा परभणी निवडायचं. पुढं 'केस स्टेटस'मध्ये शोधायच्या बऱ्याच वाटा आहेत. गुन्हा नोंद क्रमांक माहीत असेल तर एफआयआर नंबरची वाट सगळ्यात सरळ: पोलिस ठाणं निवडा, क्रमांक आणि वर्ष टाका, संपलं. क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावानं शोधा. नावाची किमान तीन अक्षरं आणि वर्ष टाकावं लागतं. प्रलंबित, निकाली आणि दोन्ही असे पर्याय येतात, त्यात 'दोन्ही'च निवडा. भावानं परस्पर जाऊन कबुली देऊन टाकली असेल तर केस निकालीमध्ये असेल, आणि फक्त प्रलंबित बघणाऱ्याला ती दिसायची नाही.

नावानं शोधताना खरी डोकेदुखी स्पेलिंगची. नोंद बहुतेक इंग्रजीत असते आणि ज्यानं टाइप केलं त्याच्या मर्जीची असते. ज्ञानेश्वर डी-एन नं लिहितात, जी-वाय नंही लिहितात. विठ्ठलमध्ये एक टी का दोन, यावर दोन कारकुनांचं एकमत होत नाही. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. आडनावाची पहिली चार अक्षरं टाका आणि येईल ती यादी शांतपणे वाचा. फिर्यादीच्या जागी महाराष्ट्र शासन आणि पोलिस ठाणं असतं, आरोपीच्या जागी नाव.

नाव सापडलं तरी लगेच घाबरू नका. आपल्याकडं एका गावात एकाच नाव-आडनावाचे तिघं निघतात. केस उघडून वडिलांचं नाव, पोलिस ठाणं, तारीख आणि 'अ‍ॅक्ट'च्या रकान्यात मोटार वाहन कायदा, कलम १८५ आहे का ते जुळवा. (सोयरीक ठरवताना मुलाचं नाव कोर्टाच्या यादीत बघून देता का, असं मला विचारणारे बरेच असतात. त्यांनाही माझं हेच सांगणं असतं: नावावरून कुणाच्या पोराला दारुडा ठरवू नका.) सगळं जुळलं तर केसच्या वर महाराष्ट्राच्या इंग्रजी आद्याक्षरांनी सुरू होणारा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर दिसेल. तो वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तेवढा टाकला की पुढची तारीख, टप्पा, आदेश सगळं एका ठिकाणी दिसतं. अशा केसला बहुधा एससीसी, म्हणजे समरी क्रिमिनल केसचा नंबर पडतो.

काहीच दिसलं नाही तर? तर केस नाही असं समजू नका. ज्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद आहे, त्याची दखल घ्यायला कोर्टाला एक वर्षाची मुदत असते. पोलिसांचे कागद त्या वर्षात केव्हाही कोर्टात जाऊ शकतात. तुमच्या भावाला दोनच महिने झालेत. दर पंधरा दिवसांनी बघत राहा. दरम्यान महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रसिद्ध झालेले एफआयआर उतरवून घेता येतात, तिथंही तारीख आणि ठाणं टाकून बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर संवेदनशील गुन्हे वगळता बाकीचे एफआयआर तिथं टाकावे लागतात. प्रत्येक १८५ ला एफआयआर असतोच असं नाही. काही वेळा भरधाव चालवल्याचं किंवा दारूबंदी कायद्याचं कलम जोडून गुन्हा नोंदवतात, काही वेळा नुसता खटला कोर्टात पाठवतात. सगळ्यात खात्रीचा मार्ग जुनाच आहे: भावानं स्वतः पोचपावती घेऊन त्या ठाण्यात जायचं आणि कोर्ट-पैरवी बघणाऱ्या हवालदाराला विचारायचं. खाऊन टाकत नाहीत.

मोबाइलवर दिसतं ते माहितीपुरतं. कुठं कागद द्यायचा असेल तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून, कोर्ट फी स्टॅम्प लावून शिक्क्याची नक्कल घ्यावी लागते. आरोपीला ती हक्कानं मिळते. तिऱ्हाइताला कारण दाखवून कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, म्हणून हा अर्ज तुमच्या नावानं नको, भावाच्या नावानं करा.

आता शिक्षा. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. दुरुस्तीआधी पहिला दंड २ हजार होता, म्हणून जुनी माणसं अजून "दोन हजाराचं काम" म्हणतात. पहिल्याच वेळी, अपघात नसताना, तरुण पोराला तुरुंगात धाडलं असं सहसा होत नाही. दंड होतो, काही वेळा जोडीला कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा होते, म्हणजे संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहायचं. पण जी गोष्ट कुणी सांगत नाही ती अशी की, १८५ मध्ये दोषी ठरवलं तर कोर्टानं किमान ६ महिन्यांसाठी वाहन चालवायला अपात्र ठरवायचं, असं कलम २० मध्ये आहे. आरटीओ वेगळी कारवाई करू शकतो, पण त्याआधी भावाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. ती नोटीस आली तर फाडून फेकू देऊ नका. अपात्र असताना गाडी चालवताना सापडला, तर त्याचा स्वतंत्र गुन्हा आहे: ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही. पोचपावती दाखवून हिंडण्याची आपल्या पोरांची सवय बघता हे मुद्दाम सांगते.

त्या रात्री कुणाला धक्का लागला नाही हे नशीब समजा. कुणी दगावलं असतं तर गोष्ट १८५ वर थांबली नसती. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये हयगयीनं मृत्यू घडवल्याबद्दल ५ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि दारू पिऊन माणसं चिरडल्याच्या मुंबईतल्या कार्टर रोड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम केली. गाडीचं नुकसान झालं असतं तर विमा कंपनीनंही हात वर केले असते.

पण तुमच्या भावाला अडवणारी गोष्ट दंड नव्हे. ती कोर्टातल्या दोन मिनिटांत घडते, म्हणून ती नीट सांगते. तालुक्याच्या कोर्टात सकाळी बोर्डावर गर्दी असते. शिपाई नावाचा पुकारा करतो, पोरगं गोंधळून पुढं जातं, त्याच्यावरचा आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? मागून कुणीतरी कोपर मारतं, "हो म्हण." पोरगं मान हलवतं, सही करतं, पैसे भरतं, पावती घेतं आणि बाहेर येऊन चहा पितं. त्याच्या लेखी दंड भरला. कोर्टाच्या लेखी तो दोषी ठरला. कबुलीवर झालेल्या अशा निकालाविरुद्ध अपिलातही फार काही करता येत नाही, शिक्षा जास्त किंवा बेकायदा आहे एवढंच म्हणता येतं.

खोटं बोलून सुटा, असं मी म्हणत नाही. प्यायला असेल आणि कागद पक्के असतील, तर कबुली देणंही प्रामाणिक आणि शहाणपणाचं ठरू शकतं. पण ती कागद वाचून द्यावी. पोलिसांच्या अहवालाच्या आणि कागदपत्रांच्या प्रती आरोपीला फुकट मिळतात. त्यात मशीनची नोंद आहे का, अटक केली असेल तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी झाली का, हे वकिलाला बघू द्या. रक्त घेतलं नाही म्हणजे केस उडाली, अशी एक समजूत पसरलेली आहे, तिच्यावर विसंबू नका. फुंकण्याच्या मशीनची चाचणी कायद्यात स्पष्ट मान्य आहे. दोन तासांची तपासणी झाली नसेल, तर त्याला कोठडीतून सोडायला हवं होतं एवढाच त्याचा सरळ अर्थ. आणि कबुली द्यायची ठरलीच, तर त्याच वेळी गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ चा फायदा मागावा. पहिला गुन्हा आणि २ वर्षांपर्यंतची शिक्षा असेल तर कोर्ट समज देऊन सोडू शकतं, आणि त्या कायद्याच्या कलम १२ मुळं दोषी ठरल्यानं येणारी अपात्रता लागू होत नाही. मिळेलच असं नाही. पण निकाल झाल्यावर मागून उपयोग नाही.

वकिलाचे पैसे नसतील तर कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, परभणीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर वकील मोफत मिळतो. अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

भरतीचं सांगते. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरून घेतात. त्यात विचारलेलं असतं: कधी अटक झाली का, खटला चालू आहे का, दोषी ठरलात का. इथं पोरं "नाही" लिहून मोकळी होतात, कारण त्यांच्या मते ते दंडाचं काम होतं. मग चारित्र्य पडताळणी त्याच पोलिस खात्याकडं जाते, ज्याच्या दप्तरात ही केस आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात यावर सविस्तर सांगितलं आहे. खरी माहिती दिली तर नेमणूक करणारा गुन्ह्याचं स्वरूप बघून निर्णय घेऊ शकतो, किरकोळ प्रकरण असेल तर दुर्लक्षही करू शकतो. लपवलं तर लपवणं हेच काढून टाकायला कारण होऊ शकतं. खरं लिहिलं म्हणून नोकरी पक्की, असं मी म्हणणार नाही. पोलिस खात्यात दारूच्या केसकडे कडक नजरेनं बघितलं तर त्यात नवलही नाही. मात्र निर्दोष सुटला असेल किंवा समज देऊन सोडलं असेल, तर निकालाची नक्कल जोडून मांडायला त्याच्याकडे काहीतरी असेल. चालक शिपायाच्या जागेसाठी अर्ज करणार असेल तर आधी लायसन्सचं काय झालंय ते परिवहनच्या सारथी पोर्टलवर बघून घ्या. अपात्रतेच्या काळात तो फॉर्म भरण्यात अर्थ नाही.

आणि तारीख चुकवू देऊ नका. पहिल्या तारखेला गेला नाही तर जामीनपात्र वॉरंट निघतं, पुन्हा गेला नाही तर अजामीनपात्र. मग पोलिस भरतीच्या मैदानावर न येता दारात येतात.

राहिलं आईचं. तुम्ही परस्पर सांगू नका, त्याला सांगू द्या. संध्याकाळी त्याला शेजारी बसवा, मोबाइल त्याच्याच हातात द्या आणि त्यालाच त्याचं नाव शोधायला लावा. दोन-चार दिवसांची मुदत द्या, त्याहून जास्त नको. कारण कोर्टाचं समन्स घरच्या पत्त्यावर येतं. तो घरात नसेल तर पूर्वी ते घरातल्या सज्ञान पुरुषाकडेच देता यायचं. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कामकाजाचा नवा कायदा, आली आणि ती पुरुषाची अट गेली. पहाटे तो पळायला गेलेला असताना हवालदार दारात आला, तर समन्सवर सही तुमच्या आईची घेईल.